स्क्रोल, मोर्तब आणि सरकपट्टी

इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरच्या कचेऱ्यांत काम करणाऱ्या मराठी मुलांच्या तोंडी 'स्क्रोल' हा शब्द सतत असतो. तो दिसतो तितका परका नाही. जुन्या फ्रेंचमधल्या 'एस्क्रो' म्हणजे चिंधी किंवा पट्टी या शब्दावर 'रोल'ची छाया पडली आणि 'स्क्रोल' घडला. 'रोल'चे मूळ लॅटिन 'रोटा', म्हणजे चाक. हा 'रोटा' आणि संस्कृत 'रथ' एकाच कुळातले.

वस्तूही आपल्या घरातलीच. इंदूरच्या होळकरांच्या दरबारात मराठी कारभार मोडी लिपीत चाले. मोडीचे लांबलचक कागद एकाला एक जोडून त्यांचे भेंडोळे करत. ते उलगडताना किती वाचले आणि किती उरले, हे गुंडाळीच्या जाडीवरून हाताला कळे. मजकूर संपला तिथे मोर्तबाचा शिक्का उमटे, म्हणजे पुढे कुणी ओळ घुसडू नये. हा शब्द अरबी 'मुरत्तब'वरून आला, अर्थ 'नीट लावलेले'. 'शिक्कामोर्तब' त्यातूनच रूढ झाले.

पडद्यावरच्या पानाला जाडी नाही. तिचे काम कडेची पट्टी करते: पान जितके लांब, तितका तिच्यातला सरकता तुकडा आखूड. ही पट्टी रंगवायची सोय इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरने 2000 मध्ये दिली, पण ती प्रमाण नव्हती. आता पानांचे रूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये 'स्क्रोलबार-कलर' आणि 'स्क्रोलबार-विड्थ' हे प्रमाण गुणधर्म आहेत. फायरफॉक्सने ते 2018 मध्ये घेतले, क्रोमने 2024 मध्ये. रुंदीला 'थिन' दिले की पट्टी बारीक होते. 'नन' दिले की पान सरकत राहते, पट्टी मात्र गायब.

मराठीत तिला 'सरकपट्टी' म्हणावे. 'सरकणे' आणि 'सरणे' दोन्ही 'सृ' धातूचे. सरणे म्हणजे पुढे जाणे आणि संपणेही: वाट सरते, दिवस सरतो, धान्य सरते. पान किती सरले आणि किती उरले, हेच ती पट्टी सांगते. 'स्क्रोलबार'मध्ये हा दुसरा अर्थ नाही.

म्हणून पाने घडवणाऱ्यांना विनंती: सरकपट्टी हवी तशी रंगवा, बारीकही करा, पण तुकडा मागच्या पट्टीवर उठून दिसू द्या आणि 'नन' लिहून ती पुसू नका. आपण कुठवर आलो, हे कळणे वाचकाचा हक्क आहे.