बिबट्या कोणाचा, रुग्णालय कोणाचे? सभागृहातील प्रश्नांचा प्रवास

ठाणे, खास प्रतिनिधी

२० फेब्रुवारी २०१९ रोजी पहाटे ठाण्यातील कोरम मॉलच्या आवारात बिबट्या शिरला आणि पुढे जवळच्या एका हॉटेलात जाऊन दडला. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पथकाने त्याला बेशुद्ध करून ताब्यात घेतले. नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेतील चिंचपाडा परिसरात एका निवासी इमारतीत बिबट्या घुसला. त्याने काही रहिवाशांना जखमी केले आणि कित्येक तासांच्या प्रयत्नांनंतर तो जेरबंद झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये ठाणे महापालिकेच्या कळवा येथील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्णांचा मृत्यू झाला. या घटना वेगवेगळ्या असल्या तरी प्रत्येक वेळी नागरिकांनी विचारलेला प्रश्न एकच होता : आमचे आमदार सभागृहात काय करतात?

या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. प्रश्न विचारण्याची आयुधे आमदाराकडे भरपूर आहेत. मात्र वन्यजीव असो वा सार्वजनिक आरोग्य, ठाणे-कल्याण पट्ट्यात हे दोन्ही विषय एका खात्याच्या चौकटीत मावत नाहीत. त्यामुळे प्रश्न कोणत्या मार्गाने आणि कोणत्या मंत्र्यांना विचारला यावर उत्तराचा दर्जा ठरतो.

आयुधे कोणती?

विधानसभेत २८८ आणि विधान परिषदेत ७८ सदस्य आहेत. त्यांपैकी १८ आमदार ठाणे जिल्ह्यातून विधानसभेवर निवडून जातात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, तर हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते. कामकाजाचा प्रारंभ सर्वसाधारणपणे प्रश्नोत्तराच्या तासाने होतो.

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला केवळ लेखी उत्तर मिळते. तारांकित प्रश्नांच्या यादीतील सर्व प्रश्न त्या तासात पुकारले जात नाहीत. जे राहून जातात त्यांची छापील उत्तरे मिळतात, पण उपप्रश्नांची संधी हुकते. छापील उत्तर बहुधा मोजक्या शब्दांत आटोपलेले असते आणि खरी माहिती उपप्रश्नांतूनच बाहेर येते. त्यामुळे हे नुकसान लहान नसते.

तातडीच्या व सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीसाठी विधानसभेच्या नियम १०५ अन्वये लक्षवेधी सूचना देता येते. ती अध्यक्षांनी स्वीकारल्यास मंत्र्यांना निवेदन करावे लागते आणि सदस्यांना त्यावर प्रश्न विचारता येतात. मिळालेले उत्तर अपुरे वाटल्यास अर्ध्या तासाच्या चर्चेची मागणी करता येते. औचित्याच्या मुद्द्याद्वारे विषय सभागृहाच्या कानी घालता येतो, मात्र त्याला लगेच उत्तर मिळेलच असे नाही. नियम २९३ अन्वये होणाऱ्या चर्चेत एखाद्या विषयाचा सविस्तर ऊहापोह करता येतो. अनुदानाच्या मागण्यांवर कपात सूचना मांडून खात्याच्या खर्चावर बोट ठेवण्याची सोयही आहे.

वन्यजीव : राज्य आणि केंद्र

वन्य प्राणी व पक्ष्यांचे संरक्षण हा विषय मूळ राज्यघटनेत राज्यसूचीत होता. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला. परिणामी वन खात्याचे अधिकारी राज्याचे असले तरी कायदा केंद्राचा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत बिबट्याचा समावेश आहे. मानवी जीवितास धोकादायक ठरलेल्या किंवा बरा न होण्याइतका जायबंदी वा आजारी झालेल्या बिबट्याबाबतच कलम ११ नुसार कारवाई करता येते. त्यासाठी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचा कारणांसह लेखी आदेश लागतो. प्राण्याला पकडणे, बेशुद्ध करणे वा स्थलांतरित करणे शक्य नसेल, तरच त्याला ठार मारण्याचा आदेश देता येतो.

ठाणे शहर या विषयाच्या अगदी कडेला वसलेले आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान मुंबई उपनगर आणि ठाणे या दोन जिल्ह्यांत पसरले असून येऊरचे जंगल त्याचाच भाग आहे. उद्यानाभोवतालचे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१६ मध्ये अधिसूचित केले. ठाणे खाडीतील सुमारे १७ चौरस किलोमीटरचा पट्टा २०१५ मध्ये राज्य शासनाने फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित केला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. या परिसरातील बांधकाम, कचरा किंवा सांडपाण्याविषयी आमदाराने प्रश्न विचारला, तर वन, पर्यावरण आणि नगरविकास या खात्यांपैकी उत्तर कोणी द्यायचे हाच पहिला मुद्दा उपस्थित होतो.

डिसेंबर २०२५ च्या नागपूर अधिवेशनात याचे ठळक उदाहरण दिसले. राज्यातील बिबट्यांचे वाढते हल्ले हा त्या अधिवेशनातील गाजलेला विषय होता. मुंब्रा-कळव्याचे आमदार जितेंद्र आव्हाड आदींनी विधानसभेत लक्षवेधीद्वारे हा प्रश्न मांडला. जुन्नरचे आमदार शरद सोनवणे तर बिबट्याचा वेश धारण करून विधान भवनाच्या आवारात आले होते. वन्य प्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास वारसांना २५ लाख रुपये द्यावे लागतात, म्हणजे चार मृत्यूंमागे एक कोटी. त्याऐवजी तेवढ्या रकमेच्या शेळ्या जंगलात सोडाव्यात, असे आपण अधिकाऱ्यांना सुचविल्याचे वनमंत्री गणेश नाईक यांनी उत्तरात सांगितले. या उत्तराची चर्चा राज्यभर झाली.

पकडलेला बिबट्या पुढे कोठे सोडला जातो, हा प्रश्न मात्र अशा चर्चांत मागे पडतो. जुन्नर भागात २००१ नंतर बिबटे पकडून अन्यत्र सोडण्याची मोहीम झाली. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार त्या भागात माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी चारवरून सतरापर्यंत वाढले होते. बिबट्या पकडला, एवढ्या उत्तरावर सदस्याने समाधान मानू नये ते यासाठी. तो कोठे सोडला, त्याच्या अंगात ओळखीची चिप बसवली का आणि पुढे त्याचा माग ठेवला का, हे तीन उपप्रश्न विचारल्याशिवाय ते उत्तर पूर्ण होत नाही.

रुग्णालये : खाती तीन, रुग्ण एक

सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा विषय राज्यसूचीत आहे. त्यामुळे येथे केंद्राकडे बोट दाखविण्यास फारसा वाव नाही. अडचण आहे ती राज्याच्या खात्यांमधील वाटणीची. जिल्हा रुग्णालय, उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय आणि ग्रामीण भागातील रुग्णालये सार्वजनिक आरोग्य खात्याकडे आहेत. कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही रुग्णालये कल्याण-डोंबिवली महापालिकेची आहेत. महापालिकांचा कारभार नगरविकास खात्याच्या अखत्यारीत येतो. कळव्याचे रुग्णालयही महापालिकेचेच, पण त्याला राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले असल्याने वैद्यकीय शिक्षणाचा संबंध येतो.

१२ व १३ ऑगस्ट २०२३ रोजी कळव्यात झालेल्या १८ मृत्यूंनी ही गुंतागुंत उघड केली. मृतांमध्ये दहा महिला व आठ पुरुष होते. महापालिका प्रशासनाने त्या वेळी दिलेल्या माहितीनुसार मृतांपैकी सहा जण ठाण्याचे, चार कल्याणचे आणि तीन शहापूरचे होते. उर्वरित रुग्णही भिवंडी, उल्हासनगर अशा अन्य ठिकाणांहून आलेले होते. ठाणे जिल्हा रुग्णालयाच्या पुनर्बांधणीमुळे कळव्यावरील भार वाढल्याचेही तेव्हा सांगण्यात आले. म्हणजे ठाणे महापालिकेचे एक रुग्णालय प्रत्यक्षात जिल्ह्याचा भार वाहत होते. शासनाने आरोग्य सेवा आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली.

विशेष म्हणजे त्या वर्षीचे पावसाळी अधिवेशन ४ ऑगस्टलाच संपले होते आणि पुढचे अधिवेशन डिसेंबरमध्ये भरले. घटना घडली तेव्हा सभागृह सुरू नव्हते. त्यामुळे रुग्णालयास भेट, निवेदन आणि पत्रव्यवहार एवढेच मार्ग लोकप्रतिनिधींना खुले होते. चार महिन्यांनी सभागृह भरते तेव्हा राज्यात नवे विषय उभे राहिलेले असतात. २०२३ मध्येही ऑक्टोबरच्या प्रारंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयातील मृत्यूंनी राज्याचे लक्ष तिकडे वळविले होते.

दोन विषय, एकच धागा

वन्यजीव आणि आरोग्य हे विषय परस्परांपासून दूर वाटतात, पण या पट्ट्यात ते एकमेकांत गुंतलेले आहेत. उद्यानातील बिबट्यांच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा वाटा लक्षणीय असल्याचे अभ्यासांतून दिसले आहे. उघड्यावरील कचरा कुत्र्यांना आणि कुत्रे बिबट्यांना वस्तीकडे आणतात. याच कुत्र्यांच्या चाव्यावरील रेबीजची लस महापालिकेच्या दवाखान्यात घ्यावी लागते. २०२३ च्या नियमांनुसार कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थेवर आहे. त्यामुळे जंगलाकडेच्या वस्तीतील बिबट्याविषयीचा प्रश्न वनमंत्र्यांइतकाच नगरविकास व आरोग्य मंत्र्यांनाही विचारावा लागतो.

सर्पदंशाची बाबही तशीच आहे. पावसाळ्यात शहापूर-मुरबाडच्या पाड्यांपासून कल्याण-डोंबिवलीच्या नव्या वसाहतींपर्यंत सापांचा वावर वाढतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यांना सर्पदंशाची नोंद बंधनकारक करण्यास सांगितले. सर्पविषावरील लस कोणत्या रुग्णालयात किती आहे आणि रात्रपाळीला ती देणारा डॉक्टर आहे का, हा प्रश्न आमदाराने रुग्णालयांच्या नावांसह विचारला तरच त्याचे नेमके उत्तर मिळू शकते.

उत्तरानंतर काय?

सभागृहात मंत्री 'चौकशी करू', 'पदे भरू', 'बैठक घेऊ' असे सांगतात तेव्हा ते आश्वासन ठरते. त्याची पूर्तता झाली की नाही हे पाहण्यासाठी विधानमंडळाची आश्वासन समिती आहे. मात्र समितीपुढे आश्वासनांचा ढीग असतो आणि ज्या सदस्याने प्रश्न विचारला त्यानेच पाठपुरावा सोडला, तर विषय फायलीत पडून राहतो.

येथे नागरिकांचीही भूमिका आहे. आमदारांना निवेदन देताना तारीख, ठिकाण, रुग्णालयाचे वा वनपरिक्षेत्राचे नाव आणि आधीच्या पत्रांच्या प्रती दिल्यास त्यावरून नेमका प्रश्न तयार होतो. सभागृहाची प्रश्नोत्तरे व कार्यवाही विधानमंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येते. आश्वासनावर पुढे काय झाले याची माहिती २००५ च्या माहितीचा अधिकार कायद्यान्वये संबंधित खात्याकडे मागता येते.

कळव्याच्या चौकशीचे पुढे काय झाले, चिंचपाड्यातील बिबट्या कोठे सोडला, हे प्रश्न जुने झाले म्हणून निकाली निघत नाहीत. आपल्या आमदाराने किती प्रश्न विचारले, याचे आकडे प्रत्येक अधिवेशनानंतर प्रसिद्ध होतात. त्यांपैकी किती उत्तरांचा त्यांनी शेवटपर्यंत पाठपुरावा केला, हे मतदारांनी विचारायला हवे.