दिवास्वप्न पाहणारा मास्तर

दिवाळीची सुटी लागली की मास्तराच्या घरी दोन गोष्टी हटकून येतात : फराळाचे डबे आणि सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. फराळ संपतो, गठ्ठा संपत नाही. यंदा त्या गठ्ठ्याकडे पाठ फिरवून मी एक लहानसे जुने पुस्तक पुन्हा वाचून काढले. कारण घरगुती आहे, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

काही वर्षांपूर्वी मी वर्गातल्या अनुभवांवर एक कादंबरी लिहिली आणि पदरचे पैसे घालून छापून घेतली. कन्येने प्रुफे तपासली, सौभाग्यवतींनी हिशेब तपासला. पहिली प्रत एका सहकाऱ्यांना मोठ्या हौसेने दिली. आठ दिवसांनी ते म्हणाले, "सर, तुमच्या कादंबरीतला वर्ग कसा चित्रासारखा बसतो! मग तुमचा का बसत नाही?" मी हसलो, पण काटा आत रुतून राहिला. मास्तराने वर्गाची गोष्ट करावी ती कशासाठी? जे जमले नाही ते कागदावर जमवून घेण्यासाठी?

या प्रश्नाने मला भावनगरला नेले. देहाने नव्हे, पुस्तकातून.

गिजुभाई बधेका यांचा जन्म १८८५ सालचा, सौराष्ट्रातला. पेशाने ते वकील. घरात मुलगा जन्मला आणि याला शिकवायचे कसे, हा प्रश्न वकीलसाहेबांना पडला. तुमच्याआमच्या घरी हा प्रश्न शाळेत नाव घातले की मिटतो. गिजुभाईंचा तेथून सुरू झाला. मादाम माँटेसोरींचे विचार त्यांच्या वाचनात आले. १९१६ साली वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले. ही संस्था नानाभाई भट्ट यांनी १९१० साली काढलेली. तेथे १९२० साली गिजुभाईंनी बालमंदिर सुरू केले. लोक कौतुकाने त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशावाली आई, म्हणू लागले.

या गृहस्थांनी लहानमोठी मिळून शंभरांहून अधिक पुस्तके लिहिली. ती छापायला दारोदार हिंडावे लागले नाही. दक्षिणामूर्तीचे स्वतःचे प्रकाशन होते. ज्या अंगणात मुले खेळली, त्याच अंगणातून पुस्तके बाहेर पडली. १९३०च्या दशकाच्या आरंभी आलेले 'दिवास्वप्न' हे त्यांपैकीच एक.

हे पुस्तक म्हणजे गोष्ट आहे. लक्ष्मीराम नावाचा मास्तर शिक्षणाधिकाऱ्याकडे जाऊन म्हणतो, मला प्रयोग करायला एक वर्ग द्या. साहेब चौथीचा वर्ग देतात. वर वर्षअखेर परीक्षा होईल हेही बजावतात. लक्ष्मीराम रात्री बसून सुंदर बेत आखतो. पहिल्या दिवशी मुलांना शांततेचा खेळ शिकवायला जातो, आणि काय होते? जे तुमच्याआमच्या वर्गात होते तेच! नुसता गोंधळ! शेवटी बिचारा मुलांना घरी सोडून देतो. दुसऱ्या दिवशी बेत गुंडाळून ठेवतो आणि एका राजाची गोष्ट सुरू करतो. तीच मुले आता कान टवकारून बसतात. पुढे गोष्टींमागून पुस्तके येतात, खेळ येतात, नाटके येतात, नखांची नि कपड्यांची स्वच्छता येते. इतर शिक्षक कुजबुजतात : गोष्टीच सांगायच्या, तर शिकवायचे केव्हा?

माझ्या सहकाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या पहिल्या दिवसात सापडले. माझ्या कादंबरीत पहिला दिवस नव्हताच! माझा नायक वर्गात पाऊल टाकतो आणि मुले त्याची होतात. गिजुभाईंनी आपल्या नायकाला आधी फजीत होऊ दिले. स्वप्न म्हणवणाऱ्या पुस्तकात त्यांनी जागेपणीची नामुष्की लिहिली, म्हणून पुढले यश खरे वाटते.

मग त्यांनी सरळ अहवाल का लिहिला नाही? मला वाटते, अहवाल साहेब वाचतात आणि गोष्ट मास्तर वाचतात. अहवालात मुले आकड्यांत असतात. गोष्टीत त्यांची टोपी मळकी असते. अहवाल मास्तराला त्याची चूक सांगतो. गोष्ट म्हणते, 'चल, मीही चुकलो.'

तरीही एक शंका उरते. लक्ष्मीरामला समजूतदार साहेब लाभला, तो गोष्टीत. साऱ्यांनाच तो कोठून लाभावा? स्वतः गिजुभाईही १९३६ साली दक्षिणामूर्तीतून बाहेर पडले आणि १९३९ साली वारले. स्वप्न तेथेच संपले असते, तर माझ्या सहकाऱ्यांचेच म्हणणे खरे ठरले असते.

पण ते संपले नाही; आणि येथे आपल्या महाराष्ट्राचा धागा येतो. ताराबाई मोडक १९२३ साली भावनगरला जाऊन गिजुभाईंना मिळाल्या होत्या. राजकोटच्या महिला महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून या विदुषी बालमंदिरात बसल्या. १९४५ साली त्यांनी बोर्डीला बालशिक्षणाचे काम उभे केले आणि तेथेच अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांत गेले. मुले शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली. भावनगरच्या बालमंदिरात जे जमले, ते येथे जमेल काय, या शंकेला या दोघींनी वाद घालून उत्तर दिले नाही. त्या पाड्यावर गेल्या. ताराबाई १९७३ साली गेल्या, अनुताई १९९२ साली. अनुताईंनीही आपले अनुभव लिहून ठेवले. 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे त्यांचे पुस्तक.

म्हणजे मास्तराची गोष्ट वर्गातून पुस्तकात येते, एवढेच खरे नाही. तिने पुस्तकातून पुन्हा वर्गात जायला हवे. गेली तर ते दिवास्वप्न. न गेली तर नुसती डुलकी.

माझ्या कादंबरीच्या उरलेल्या प्रती माळ्यावर आहेत. यंदा साफसफाईत गठ्ठा खाली काढला तेव्हा सौभाग्यवतींनी विचारले, "रद्दीत घालू?" मी म्हणालो, "थांब." त्याच रात्री वही उघडून मी नव्याने पहिले प्रकरण लिहिले. त्यात मास्तर वर्गात पाऊल टाकतो, आणि कोणीही गप्प बसत नाही.

सुटी संपली की दुसऱ्या दिवशी काय करायचे, ते मात्र वहीत लिहिलेले नाही. ते वर्गातच पाहायचे आहे.