एरंडेलावर उडालेली विमानं

कल्याणहून मलंगगडाकडे जाताना नेवाळीच्या आसपास एक मोठं उघडं माळरान लागतं. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारनं शेतकऱ्यांच्या जमिनी ताब्यात घेऊन इथं धावपट्टी केली. त्याच युद्धात या माळाच्या अलीकडे कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकी उभ्या राहिल्या होत्या. फाळणीनंतर त्यांत सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचं उल्हासनगर झालं. बराकींना माणसं मिळाली. धावपट्टीखालच्या जमिनींचा प्रश्न मात्र तसाच राहिला. जून २०१७मध्ये नेवाळीत आंदोलन पेटलं ते याच जुन्या जखमेतून.

या माळाच्या कडेला, अंबरनाथ-बदलापूरच्या रुळांलगत, वालधुनी नदीच्या काठच्या भरावावर एक झाड कुणी न लावता उगवतं. पंजासारखी पानं, तांबूस देठ, काटेरी बोंडं. एरंड. त्याच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. मराठीत तर ज्यातून काहीच निघत नाही अशा लांबलेल्या चर्चेला आपण ‘एरंडाचं गुऱ्हाळ’ म्हणतो. मला हा एरंडावरचा अन्याय वाटतो, कारण विमानविद्येचं पहिलं दशक ज्या तेलावर उडालं ते तेल याच झाडाचं.

मुळात ‘तेल’ हा शब्द तिळाचा. पण भाषेनं तो सगळ्यांना वाटून टाकला. खोबऱ्याचं ते खोबरेल, एरंडाचं ते एरंडेल. घरोघरची रीत साधी होती. एरंडी भाजायची, कुटायची, पाण्यात उकळायची आणि वर आलेला तवंग अलगद काढून घ्यायचा. हे तेल दिव्यात जळायचं, बाळाच्या टाळूवर जिरायचं, पोट साफ करायला आजीच्या हातून नाक दाबून प्यावं लागायचं. आणि त्याचंच वंगण बैलगाडीच्या आसाला लागायचं. लाकूड आणि लोखंड एकमेकांवर घासतात तिथं पातळ तेल टिकत नाही, दाबाखाली निसटतं. एरंडेल चिकटून बसतं. गाडीवानाला हे रसायनशास्त्राच्या आधी कळलेलं होतं. पुढे आगगाडी आली, १८५६मध्ये कल्याणपासून खोपोलीपर्यंतचा फाटा बदलापूरवरून गेला. आणि भारतातल्या रेल्वेनं डब्यांच्या आसांसाठी आणि दिव्यांसाठी हेच तेल मोठ्या प्रमाणावर वापरलं. बैलगाडीचं वंगण रुळांवर चढलं ते असं.

तिथून ते विमानात कसं गेलं, ही गोष्ट फ्रान्समधली आहे.

पॅरिसजवळ लुई आणि लोराँ सेगँ या भावांनी १९०८मध्ये ‘नोम’ नावाचं सात सिलिंडरांचं, ५० अश्वशक्तीचं इंजिन तयार केलं. मोटारीच्या इंजिनात सिलिंडर जागेवर असतात आणि क्रँकशाफ्ट फिरतो. इथं उलटं होतं. क्रँकशाफ्ट विमानाच्या सांगाड्याला पक्का आवळलेला, आणि त्याच्याभोवती सातही सिलिंडर पंख्यासकट गरगरायचे, मिनिटाला सुमारे १२०० फेरे. विमान जमिनीवर उभं असलं तरी सिलिंडर स्वतःच वारा कापायचे, म्हणून थंड राहायचे. पाण्याची टाकी नको, रेडिएटर नको, जड चाक नको. ऑगस्ट १९०९मध्ये रँसच्या विमानमेळ्यात आँरी फारमाननं या इंजिनावर १८० किलोमीटर न थांबता कापले आणि युरोपभर त्याची मागणी सुरू झाली.

आता फिरत्या सिलिंडरांना पेट्रोल द्यायचं कुठून? स्थिर उभा असलेला एकच भाग होता, क्रँकशाफ्ट. तो पोकळ केला. पेट्रोल आणि हवा त्या पोकळीतून इंजिनाच्या पोटात यायची आणि तिथून सिलिंडरांत जायची. म्हणजे जिथं बेअरिंगं आहेत, जिथं वंगण हवं, तिथंच पेट्रोलची वाफ भरलेली. खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळतं. या इंजिनात ते धुऊन निघालं असतं आणि लोखंड लोखंडावर घासून इंजिन जाम झालं असतं. एरंडेल पेट्रोलमध्ये सहज मिसळत नाही. त्यातला जवळजवळ नव्वद टक्के भाग रिसिनोलिक आम्लाचा असतो, आणि त्या रेणूला पाण्याच्या जातीचा एक छोटा गट, हायड्रॉक्सिल, चिकटलेला असतो. त्या गटामुळे एरंडेल पेट्रोलपासून फटकून राहतं आणि धातूला घट्ट धरतं. गाडीवानाचं ज्ञान आणि सेगँ बंधूंची गरज त्या एका गटापाशी येऊन भेटली.

दोन-स्ट्रोक स्कूटरच्या पेट्रोलमध्ये ज्यांनी पंपावर ऑइल टाकून घेतलं आहे त्यांना यातला अर्धा भाग ओळखीचा वाटेल. तिथंही तेल एकदाच वापरलं जातं आणि धुरातून जातं. फरक एवढाच की स्कूटरला पेट्रोलमध्ये मिसळणारं तेल लागतं, आणि नोमला न मिसळणारं.

अशा फिरत्या सिलिंडरांच्या, म्हणजे ‘रोटरी’, इंजिनात तेल परत येतच नसे. पंप ते आत ढकलायचा, फिरण्याच्या जोरानं ते बाहेरच्या बाजूला फेकलं जायचं, बेअरिंगं आणि पिस्टन भिजवून एक्झॉस्टवाटे उडून जायचं. पेट्रोलच्या दर चार-सहा गॅलनांमागे एक गॅलन एरंडेल असं हवेत जायचं. त्यामुळे वैमानिकापुढे तेलाच्या तापमानाचा काटा नव्हता. तापायला तेल आत थांबलं तर पाहिजे! प्रश्न यायचा तो उड्डाणाआधी. युरोपच्या हिवाळ्यात हे तेल मधासारखं घट्ट व्हायचं, मग मेकॅनिक ते गरम करून टाकीत ओतायचे. आणि उड्डाणानंतरचा प्रश्न होता, तेल येतंय की नाही? त्यासाठी समोर काचेचा एक छोटा घुमट असे. पंपाच्या प्रत्येक ठोक्याला त्यात तेलाची पातळी उसळायची. वैमानिक घड्याळ लावून ते ठोके मोजायचा, कारण पंपाचा वेग इंजिनाच्या वेगाशी बांधलेला होता. तेल येतंय हेही कळायचं आणि इंजिन किती फेरे मारतंय हेही. नाडी बघण्यासारखंच ते होतं. ठोके थांबले तर इंजिनाचं आयुष्य काही मिनिटांचं.

खरी कसरत मिश्रणाची. आजच्या अर्थाचा थ्रॉटल या इंजिनांत नव्हताच. पुढच्या ल रोन आणि क्लेर्जे इंजिनांत हवेसाठी एक आणि पेट्रोलसाठी एक असे दोन दांडे आले. दोन्ही एकमेकांशी जुळवायचे ते हातानं आणि कानानं. सॉपविथ कॅमल या १९१७च्या लढाऊ विमानाची भीती शिकाऊ वैमानिकांना शत्रूपेक्षा जास्त वाटायची. उड्डाणासाठी पेट्रोल जास्त द्यावं लागे. चाकं जमिनीवरून सुटून विमान जरा चढलं की ते लगेच कमी करायचं. विसरलात तर मिश्रण दाट होऊन इंजिन गुदमरायचं, नाक वर असताना वेग जायचा आणि विमान गरगरत खाली. उपाय एकच शिकवलेला असे. पेट्रोल पूर्ण बंद करायचं, तुंबलेलं निघून जाईपर्यंत काही सेकंद धीर धरायचा, मग हलकेच पुन्हा उघडायचं. जमीन जवळ असताना ते काही सेकंद किती लांब वाटत असतील! वर गेल्यावर हवा विरळ होते, म्हणजे हात न लावता मिश्रण पुन्हा दाट होतं. पुन्हा दांडा मागे. उतरताना उलट. आणि वेग कमी करायचा तर विमान वळवायच्या दांड्यावरचं बटण दाबून ठिणगी थोडा वेळ तोडायची. तेवढ्या वेळात न जळलेलं पेट्रोल साचून राहिलं तर बटण सोडताच भडका.

हरदित सिंग मलिक हे शीख वैमानिक १९१७मध्ये फ्रान्सच्या आकाशात याच कॅमलवर लढले. पगडीवर बसेल असं शिरस्त्राण त्यांनी खास करून घेतलं होतं. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर १९१८च्या जूनमध्ये डॉल्फिन विमानावर लढताना पडले आणि शत्रूच्या कैदेत, वयाच्या तेविसाव्या वर्षी वारले. डॉल्फिनचं इंजिन पाण्यानं थंड होणारं, स्थिर. काळ बदलत होता तो त्या एका वर्षाच्या अंतरात असा दिसतो.

त्या पहिल्या महायुद्धात एरंडेल हे दारूगोळ्याइतकं मोलाचं झालं. नाकेबंदीमुळे जर्मनीला एरंडेल मिळेना. रोटरी इंजिनांत त्यांनी कृत्रिमरीत्या घट्ट केलेलं ‘व्होल्टोल’ तेल वापरून पाहिलं, आणि त्यांच्या फॉकर विमानांची इंजिनं तापून बंद पडू लागली. अमेरिकेनं एक लाख एकरांवर एरंड लावण्यासाठी आशियातून बी मागवलं. तिकडे इंग्लंडमध्ये वेकफिल्ड कंपनीनं १९०९मध्येच आपल्या एरंडेल-मिश्रित तेलाला ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव दिलं होतं. एरंडेलाचं इंग्रजी नाव ‘कॅस्टर’; ते त्या नावात अजून आहे, गॅरेजच्या पाटीवर रोज दिसतं.

१९२०च्या दशकात सिलिंडर थांबले आणि क्रँकशाफ्ट पुन्हा फिरू लागला. तारेसारख्या मांडणीचं हे स्थिर इंजिन म्हणजे रेडियल. त्यात तेल टाकीतून इंजिनात, इंजिनातून कूलरमध्ये आणि पुन्हा टाकीत असं फिरत राहिलं. जे तेल परत येतं त्याची प्रकृती बघावी लागते, म्हणून तापमानाचा काटा आला. नेवाळीची धावपट्टी झाली तो काळ या इंजिनांचा. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर सामान वाहणाऱ्या डकोटाच्या वैमानिकाला तेल ४० अंशांपर्यंत तापल्याशिवाय इंजिन जोरात फिरवायची मुभा नसे, आणि फार तापलं की कूलरची झडप उघडावी लागे. मिश्रणाच्या दांड्यावर आता ठरलेल्या खाचा होत्या. उंचीप्रमाणे पेट्रोल कमी-जास्त करण्याचं काम कार्बोरेटर स्वतः करी. कॅमलच्या वैमानिकाच्या कानातली विद्या त्या खाचांत उतरली. तेलही खनिज होतं. पेट्रोल आता तेलाच्या वाटेला जात नव्हतं, मग एरंडेल कशाला? ते हवेशी संयोग पावून डिंकासारखं चिकट होतं, हा त्याचा दोष तेव्हा जास्त डोळ्यांत भरला.

विमानातून एरंड गेला, असं तेव्हा कुणालाही वाटलं असतं. पण जेट इंजिन आलं आणि त्याच्या उष्णतेपुढे व उंचीवरच्या गारठ्यापुढे खनिज तेलं टिकेनात. तेव्हा रसायनतज्ज्ञांनी एस्टर जातीची नवी तेलं बनवली. त्यातल्या सुरुवातीच्या तेलांचा पाया होता सेबॅसिक आम्ल, आणि ते बनतं एरंडेलापासून. आजच्या जेट-तेलांसाठी लागणारं सात कार्बनांचं हेप्टॅनोइक आम्लही एरंडेल फोडून मिळवता येतं. त्या एरंडीचं जगातलं सर्वांत मोठं पीक भारतात, गुजरातेत येतं.

नेवाळीच्या माळावरून संध्याकाळी मुंबईकडे उतरणारी विमानं दिसतात, एकामागून एक, दिवे लावून. बांधावर एरंडाची बोंडं सुकून तडकलेली असतात आणि कवड्या-रंगाच्या ठिपक्यांच्या एरंडी मातीत पडलेल्या असतात. पावसाळा लागला की त्या पुन्हा उगवतात.