नावामागचा जी

आईचा लॅपटॉप डेबियन १२ वरून १३ वर न्यायचं काम मी बरेच दिवस टाळत होते. परवा रविवारी दुपारी बसले एकदाची. आई शेजारी शेंगा सोलत होती. एपीटीमध्ये रंगीत तालमीची सोय आहे, म्हणजे 'मी काय काय करीन' ते तो सांगतो आणि प्रत्यक्षात काहीच करत नाही. ती तालीम करून पाहिली. पडद्यावर भलीमोठी यादी धावत गेली. पुन्हा वर जाऊन पाहिलं तर एक गट होता काढून टाकायच्या पॅकेजांचा. त्यात आईच्या प्रिंटरचं पॅकेज!

भजनी मंडळाचे कागद त्याच प्रिंटरवर छापले जातात. म्हणजे प्रकरण गंभीर.

त्याच गटात प्रिंटरखेरीज लायब्रऱ्यांची लांबलचक रांग होती. लिबएसएसएल३ वगैरे. आणि नव्याने येणाऱ्यांच्या यादीत तीच मंडळी नावाला शेपूट लावून हजर: लिबएसएसएल३टी६४. खाली नुसत्या बदलायच्या पॅकेजांत आणखी एक जुनं ओळखीचं नाव दिसलं, झेडलिब१जी. हे नाव मी इतकी वर्षं बघतेय, पण त्यातला 'जी' कुठून आला हे पुष्कळ उशिरा कळलं. प्रिंटरचं काय झालं ते सांगतेच, पण आधी त्या जीची गोष्ट.

लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली लिहिला तो लिनक्सचा फक्त गाभा. त्याभोवती शेकडो कार्यक्रम गोळा करून, ते एकमेकांशी जुळवून लोकांच्या हातात देणं हे वेगळंच काम होतं आणि ते वितरणांनी उचललं. १९९३ मधलं स्लॅकवेअर त्यातलं एक. त्यात पॅकेज म्हणजे फायलींचं गाठोडं. सोडायचं आणि पसरायचं. कुणाला कोण लागतं, हे तुमचं तुम्ही लक्षात ठेवायचं. त्याच वर्षी, १६ ऑगस्ट १९९३ रोजी, इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मरडॉकने डेबियन जाहीर केलं. (डेब्रा ही मैत्रीण आणि इयन तो स्वतः, मिळून डेबियन.) डेबियनच्या पॅकेजांबरोबर पुढे एक चिठ्ठी यायला लागली. माझं नाव हे, आवृत्ती ही, मला अमुक लागतं, तमुकाशी माझं पटत नाही. १९९५ मध्ये रेड हॅटच्या मार्क युइंग आणि एरिक ट्रोन यांनी आरपीएम आणलं, त्यातही अशीच चिठ्ठी.

यातलं 'पटत नाही' म्हणजे काही दोष नव्हे. उदाहरणार्थ, डेबियनमध्ये एक्झिम आणि पोस्टफिक्स दोघेही टपाल पोचवणारे. दोघांच्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं की मी टपालवाला आहे आणि दुसऱ्या टपालवाल्याशी माझं जमत नाही. एका घरात दोन टपालवाले नकोतच. असा झगडा कुणीतरी विचार करून लिहून ठेवलेला असतो. त्रास देतात ते दुसरे झगडे, जे कुणाच्या मनात नसताना होतात.

त्यांचं मूळ आहे लायब्रऱ्यांत. जुन्या वाड्यात एकच समाईक नळ असायचा, तसं हे आहे. प्रत्येक कार्यक्रमाने फाइल उघडायची किंवा अक्षरं छापायची रीत स्वतःजवळ बाळगायची म्हटली तर डिस्क भरून जाईल, आणि त्या रीतीत भोक सापडलं तर प्रत्येकाकडे जाऊन बुजवावं लागेल. म्हणून सगळे एकाच लायब्ररीतून पाणी भरतात. आता नळाच्या तोंडाचं माप बदललं तर? जुन्या नळ्या बसायच्या नाहीत. म्हणून लायब्ररीच्या नावात एक क्रमांक असतो. क्रमांक तोच आहे तोवर माप तेच, असं ते वचन. माप बदललं की क्रमांक बदलायचा.

आणि १९९७ च्या सुमारास सगळ्यात मोठ्या नळाचं माप बदललं.

सी भाषेची मूळ लायब्ररी, जिच्यावाचून जवळजवळ कुठलाच कार्यक्रम चालत नाही, ती तोवर लिनक्सवाल्यांची स्वतःची होती. ग्नू प्रकल्पाच्या लायब्ररीपासून फुटून निघालेली. तिचा क्रमांक ५. इकडे ग्नूची मूळ लायब्ररी दरम्यान बरीच सुधारली होती. तिची २.० आवृत्ती आली आणि लिनक्सने तिच्याकडे परत जायचं ठरवलं. ती झाली क्रमांक ६. रेड हॅट ५.० डिसेंबर १९९७ मध्ये तिच्यावर उभं राहिलं, डेबियन २.० जुलै १९९८ मध्ये.

पाच आणि सहा एका यंत्रावर शेजारीशेजारी राहू शकत होत्या. पण एकाच कार्यक्रमाच्या पोटात दोघी गेल्या की तो कोसळायचा. आणि तसं होणं फार सोपं होतं. समजा चित्रांचा एखादा कार्यक्रम सहावर बांधलाय, पण तो जी झेडलिब वापरतो ती पाचवर बांधलेली आहे. झालं! म्हणजे झेडलिब दोन हव्यात, जुन्यांसाठी एक आणि नव्यांसाठी एक. झेडलिबमध्ये स्वतःमध्ये काहीच बदललेलं नव्हतं, तिचा क्रमांक तोच १. मग चिठ्ठीत दोघींना वेगळं कसं ओळखायचं? डेबियनवाल्यांनी नव्या पॅकेजाच्या नावाला 'जी' लावला. जी म्हणजे जीलिबसी, ग्नूची सी लायब्ररी. झेडलिब१ आणि झेडलिब१जी. एक्सच्या खिडक्यांची लायब्ररी होती तिचंही तसंच, एक्सलिब६ आणि एक्सलिब६जी.

मला हा उपाय फार आवडतो, कारण तो अगदी साधा आणि प्रामाणिक आहे. जुनंच नाव ठेवून आत नवा माल भरला असता तर ज्या ज्या चिठ्ठीत 'मला झेडलिब१ लागते' लिहिलं होतं ती प्रत्येक चिठ्ठी एका रात्रीत खोटी ठरली असती. यंत्र चिठ्ठी वाचतं, मजकूर खरा की खोटा ते त्याला कळत नाही.

काही वर्षांनी जुन्या पाचवाल्या लायब्रऱ्या गेल्या. जी मात्र राहिला. झेडलिबचा क्रमांक आजही १ च आहे, तो बदलला असता तर नव्या नावाच्या निमित्ताने जी गळून गेला असता. ती वेळच आली नाही.

मार्च १९९९ मध्ये डेबियन २.१ बरोबर एपीटी आला. तोवर डीपीकेजी 'अमुक नाही, तमुक नाही' अशी तक्रार करून थांबायचं. एपीटीने ते अमुक-तमुक स्वतः शोधून, महाजालावरून उतरवून, योग्य क्रमाने बसवायला सुरुवात केली. आरपीएमच्या बाजूला मात्र ही सोय सगळ्यांच्या हातात यायला वेळ लागला. पुढे ड्यूक विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात सेथ विडाल आणि मायकेल स्टेनर यांनी यम घडवलं. नाव आपल्याला जरा धसका देणारं, पण त्याने पुष्कळांचे प्राण वाचवले! विडाल २०१३ मध्ये सायकलवरून जाताना गाडीने उडवल्यामुळे गेले.

माझे प्राण मात्र वाचले नाहीत, कारण माझी गोष्ट २००१ ची. पुण्यात कॉलेजच्या प्रयोगशाळेत आरपीएमवाली एक लिनक्स होती. मला तिच्यावर गाण्यांचा नवा प्लेयर हवा होता. सायबर कॅफेतून फ्लॉपीवर एक फाइल आणायची, ती म्हणायची मला आणखी दोन लागतात. त्या आणल्या की त्या म्हणायच्या आम्हाला चार. असं करत करत शेवटी गाडी सी लायब्ररीपाशी आली. नवी जीलिबसी हवी. ती आणली, तर आरपीएमने संघर्षांचा पाढा वाचला. मी तो वाचला नाही. कुठेतरी पाहिलेले दोन शब्द जोडले, नोडेप्स आणि फोर्स, म्हणजे 'चिठ्ठ्या बघू नकोस' आणि 'कर म्हटलं ना'.

त्याने केलं.

त्यानंतर फायलींची यादी मागितली, यादी येईना. काहीच चालेना. प्रत्येक कार्यक्रम त्या एका लायब्ररीतून पाणी भरणारा आणि नळ मीच उखडलेला. समोरचं शेल तेवढं जिवंत होतं, कारण ते आधीच मेमरीत चढलेलं. त्याच्या पोटातली 'इको' ही आज्ञा चालत होती. इको आणि पुढे एक तारा टाकला की फायलींची नावं दिसत. त्या नावांत माझ्या मैत्रिणीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा अहवाल होता. दोन दिवसांनी तो द्यायचा होता. नाव दिसतंय, फाइल हलवता येत नाही, आणि यंत्र बंद केलं तर पुन्हा उठणार नाही याची खात्री. ती शेजारी उभी राहून काहीच बोलली नाही, ते मला अजून आठवतं. शेवटी एका सीनियरने इन्स्टॉलेशनच्या सीडीवरून यंत्र उठवलं, आमची डिस्क बाहेरून जोडली आणि अहवाल तुकडे करून सात फ्लॉप्यांवर उतरवला. सातवी पहिल्यांदा वाचली गेली नाही. दुसऱ्यांदा गेली.

म्हणून २०२१ च्या नोव्हेंबरात लिनस सेबॅस्टियन या कॅनेडियन यूट्यूबवाल्याला सगळे हसत होते, तेव्हा मला हसू आलं नाही. त्याला पॉप ओएसवर खेळांसाठी स्टीम बसवायचं होतं. पॅकेजांचा मेळ बसेना, तेव्हा एपीटीने उत्तर काढलं की अख्खा डेस्कटॉप काढून टाकला तर जमतं. इशारा दिला, आणि करायचंच असेल तर 'हो, मी सांगतो तसं कर!' हे वाक्य इंग्रजीत टंकायला सांगितलं. त्याने टंकलं. डेस्कटॉप गेला. एपीटीकर्त्यांनी मात्र ते मनावर घेतलं. अत्यावश्यक पॅकेजं काढून कोडं सोडवायचा प्रयत्न सॉल्व्हरने करूच नये, कोडं न सुटलेलं परवडलं, असा बदल त्यांनी लगेच केला.

कोडं हा शब्द इथे शब्दशः घ्या. 'क हवं असेल तर ख किंवा ग हवं. ख आणि घ एकत्र नकोत' अशा अटींचा ढीग दिला तर सगळ्या अटी पाळणारी निवड आहे का, हा प्रश्न तर्कशास्त्रात जुना आहे. स्टीफन कुक यांनी १९७१ मध्ये दाखवलेल्या अवघड प्रश्नांच्या घराण्यातला तो मूळ पुरुष. पॅकेजं बसवणं हा नेमका त्याच जातीचा प्रश्न आहे, हे रॉबर्टो दी कॉस्मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातल्या ईडॉस प्रकल्पात २००६ च्या सुमारास सिद्ध केलं. म्हणजे प्रत्येक वेळी झटपट उत्तर देणारी युक्ती कुणालाच माहीत नाही, ती नसावी असाच बहुतेकांचा कयास. एपीटीने वर्षानुवर्षं अंदाजाने काम भागवलं. ओपनसुसेने २००८ मध्ये, ११.० आवृत्तीत, तर्काचं कोडं सोडवणारा खरा सॉल्व्हर आणला. एपीटीच्या ३.० मध्ये, २०२५ साली, तशाच जातीचा नवा सॉल्व्हर आला. पण कितीही हुशार झाला तरी चिठ्ठीत जे लिहिलंय त्यावरच तो कोडं मांडणार.

शेपटं लावणं तर चालूच राहिलं. सी++ च्या कंपायलरने मापं बदलली तेव्हा २००५ मध्ये 'सी२' आलं, २०१५ मध्ये जीसीसी ५ च्या वेळी 'व्ही५'. आणि आता टी६४. ३२ बिटांच्या यंत्रांत वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात. ती मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, २१४७४८३६४७ वर पोचून संपते. पुढचा आकडा मावत नाही. म्हणून डेबियनने २०२४ मध्ये वेळेसाठी ६४ बिट द्यायचे ठरवून शेकडो लायब्रऱ्यांची नावं बदलली. आईच्या लॅपटॉपसारख्या ६४ बिटांच्या यंत्रांत खरं तर माप तेच राहिलं, पण नाव सगळीकडे एकच असावं म्हणून शेपूट इथेही आलं, आणि जुन्या नावाने हाक मारली तरी ओ देईन, असं नव्या चिठ्ठीत लिहिलं गेलं. त्या कामात पुढे असलेले स्टीव्ह लँगासेक २०२५ च्या पहिल्याच दिवशी गेले. डेबियन १३ त्या ऑगस्टमध्ये आलं.

तर प्रिंटर. त्याचं पॅकेज डेबियनचं नव्हतंच. काही वर्षांपूर्वी मीच बाहेरून आणून बसवलेलं. त्याच्या चिठ्ठीत एका लायब्ररीची नेमकी जुनी आवृत्ती मागितलेली, 'हीच हवी, दुसरी चालणार नाही' अशी. लिहिणाऱ्याने दुसरी कधी लावून पाहिली असेल असं वाटत नाही. २००१ ची मी असते तर ती ओळ खोडून मोकळी झाले असते. या वेळी आधी आईच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली, ते पॅकेज हाताने काढलं, बाहेरचे साठे यादीतून बंद केले आणि पुन्हा तालीम केली. काढायच्या गटात आता फक्त तीच नावं उरली ज्यांची टी६४ वाली जोडीदार खाली उभी होती. एकेक जुळवून पाहिली. आईने विचारलं, "परीक्षा आहे का कसली?"

तासाभराने यंत्र उठलं. प्रिंटर जोडला तर कुठलंही पॅकेज न मागता डेबियनने तो आपणहून ओळखला. आईने एकादशीची यादी छापून बघितली. डावा समास थोडा जास्त सुटतोय, ते अजून बघायचंय.