आरोग्यविज्ञानाच्या प्रारंभिक अभ्यासक्रमातील मराठी परिभाषा : नागपूरच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
परिचर्या किंवा वैद्यक या अभ्यासक्रमांच्या प्रथम वर्षात येणारा विद्यार्थी पेशी, ऊती, आम्ल, क्षार या संकल्पनांपाशी पोहोचतो तो शब्दांच्या वाटेने. मराठी माध्यमातून शिकून आलेल्या विद्यार्थ्याची ही वाट येथे एकाएकी बदलते. ती सुगम करण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांपैकी एक महत्त्वाचा प्रयत्न नागपुरात झाला. प्रस्तुत लेखात त्याचा आढावा घेण्यात आला आहे.

पूर्वपीठिका :
मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात १८६१ मध्ये मराठी व गुजराती भाषांतून वैद्यक शिकविणारे वर्ग सुरू झाले. डॉ. सखाराम अर्जुन (१८३९–१८८५) यांनी तेथे अध्यापन केले आणि वैद्यकावर मराठीत ग्रंथलेखनही केले. या काळात विद्यार्थी समोर होता आणि शब्द त्याच्यासाठी घडत होता. नागपुरात १९१४ मध्ये रॉबर्टसन मेडिकल स्कूल व १९४७ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. मात्र उच्च वैद्यकीय शिक्षणाचे माध्यम इंग्रजीच राहिले.

डॉ. रघुवीर यांचा प्रयोग :
भाषापंडित डॉ. रघुवीर (१९०२–१९६३) यांनी लाहोर येथील आपली संस्था फाळणीच्या सुमारास नागपुरास आणली. तत्कालीन मध्यप्रांत-वऱ्हाडात हिंदी व मराठी या दोन्ही भाषा नांदत होत्या. संस्कृत धातू, उपसर्ग व प्रत्यय यांच्या आधारे सर्व भारतीय भाषांना समान अशी वैज्ञानिक परिभाषा त्यांनी रचली. तीत ऑक्सिजन ‘जारक’, हायड्रोजन ‘उदजन’, कार्बन ‘प्रांगार’ व सोडियम ‘क्षारातु’ झाले. ‘जारक’पासून ऑक्साइडला ‘जारेय’ हा शब्द सिद्ध होई. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड म्हणजे ‘प्रांगार द्विजारेय’.

ही रचना तर्कशुद्ध होती, हे मान्य केले पाहिजे. एक नियम कळला की अनेक शब्द उलगडत. तथापि ‘प्राणवायू’ हा मराठीत रुळलेला शब्द दूर सारून ‘जारक’ स्वीकारण्याचे कारण सामान्य विद्यार्थ्यास पटण्यासारखे नव्हते. पुढे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोगाने मूलद्रव्यांची आंतरराष्ट्रीय नावे कायम ठेवण्याचे धोरण अंगीकारले. ‘जारक’ कोशात राहिला. ‘प्राणवायू’ मात्र २०२०–२१ च्या महासाथीत वृत्तपत्रांतून पुन्हा घरोघरी पोहोचला.

समान परिभाषेची मर्यादा :
जीवशास्त्रातील ‘पेशी’ हा शब्द या दृष्टीने उद्बोधक आहे. सुश्रुतसंहितेत पाचशे पेशी सांगितल्या आहेत. तेथे पेशी म्हणजे मांसपेशी. हिंदीने हा अर्थ राखला व सजीवाच्या मूलभूत घटकास ‘कोशिका’ म्हटले. मराठीत या घटकासच ‘पेशी’ म्हणतात आणि मांसपेशीस ‘स्नायू’. सुश्रुताने तर स्नायू पेशींहून वेगळे गणले आहेत. नागपूरसारख्या द्विभाषिक शहरात मराठी व हिंदी माध्यमांतील विद्यार्थी एकाच वर्गात बसतात, तेव्हा एकाच शब्दाने दोघांच्या मनात भिन्न चित्र उभे राहू शकते. मूळ संस्कृत समान असले तरी अर्थ समान राहतोच असे नाही.

निष्कर्ष :
१९७० च्या दशकात महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने नागपुरातूनच विविध विषयांची मराठी पाठ्यपुस्तके प्रकाशित केली. वैद्यकीय परीक्षेचे माध्यम मात्र बदलले नाही. २०२२ मध्ये मध्य प्रदेशात एमबीबीएस प्रथम वर्षाची हिंदी पुस्तके निघाली, तेव्हा त्यांत बहुतांश इंग्रजी संज्ञा देवनागरीत तशाच ठेवण्यात आल्या. जुन्या प्रयोगापासून घेतलेला हा धडाच म्हणावा लागेल.

वरील विवेचनावरून असे दिसते की, परिभाषा कोशात जन्मली तरी ती जगते वर्गात. परिचर्येच्या पदविका अभ्यासक्रमास कला शाखेतील विद्यार्थीही प्रवेश घेतात. शरीररचनेचे व शरीरक्रियेचे पहिले पाठ त्यांना बारावीच्या जीवशास्त्राच्या आधाराविना शिकावे लागतात. अशा विद्यार्थ्यांसाठी पहिल्या काही तासिकांत मराठी, हिंदी व इंग्रजी संज्ञा फळ्यावर शेजारी-शेजारी लिहून त्यांतील अर्थभेद स्पष्ट करणे, एवढे तरी अध्यापकास सहज शक्य आहे. त्यासाठी नव्या कोशाची वाट पाहण्याचे कारण नाही.