शिदोरी आणि बुत्ती : प्रवासातील अन्नाची साक्ष

मागील हिवाळ्यात काही तरुण मंडळींसमवेत आम्ही येळ्ळूरच्या राजहंसगडावर गेलो होतो. दुपारी तटाच्या सावलीत पिशव्या उघडल्या, तेव्हा बहुतेकांजवळ बिस्किटांचे पुडे आणि वेफर्स होते. एका मुलीने मात्र डब्यातून दहीभात काढला. "कर्ड राइस का?" असे कोणी विचारताच ती म्हणाली, "आमच्या घरी दहीबुत्ती म्हणतात." बुत्ती म्हणजे काय, हे मात्र तिलाही ठाऊक नव्हते आणि इतरांनाही नव्हते. त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी हा लेखनप्रपंच.

वाटेवरच्या अन्नाला तीन अटी पूर्वापार लागू आहेत. ते नासू नये, ओझे होऊ नये आणि चूल न पेटवता खाता यावे. या अटी पुरवणारे अतिप्राचीन अन्न म्हणजे सातू. धान्य भाजून दळले की त्यातील ओल जाते आणि पीठ टिकते. वाटेत पाणी वा ताक आणि गुळाचा खडा मिळाला की जेवण झाले. 'सातू' हा शब्द संस्कृत 'सक्तु'पासून आला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ७१ वे सूक्त वाणीविषयीचे आहे. चाळणीने सातू चाळावा तशी ज्ञानी माणसे मनाने वाणी निवडून घेतात, अशी उपमा त्यात येते. भाषेच्या विचाराला प्रवासी अन्नाची उपमा इतकी जुनी आहे, हे भाषाप्रेमी वाचकांनी लक्षात ठेवावे.

दुसरे अन्न दशमी. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवले की भाकरी मऊ राहते आणि दुसऱ्या दिवशीही खाता येते. तिच्यामागे सोवळ्याओवळ्याचा विचारही होता. पाण्यात शिजवलेल्या अन्नाला जे निर्बंध होते, ते दुधातुपातील अन्नाला तितके कडक नव्हते. त्यामुळे दशमी प्रवासात चालत असे. आज ते निर्बंध बहुतेक घरांतून गेले, पण गडावर जाणाऱ्यास दशमी अजूनही सोयीची आहे.

दशमीसोबतची चटणी मात्र आपण समजतो तितकी पुरातन नाही. मिरची आणि भुईमूग ही दोन्ही पिके मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, त्यानंतरच्या काळात ती आपल्याकडे रुजली. तोवर तिखटपणासाठी मिरी होती आणि 'मिरची' हे नाव त्या मिरीवरूनच पडले. भुईमुगाला दक्षिण कर्नाटकात 'कडलेकाई' म्हणतात. धारवाड-बेळगावकडील कन्नडमध्ये मात्र तो 'शेंगा' आहे. मराठीतील 'शेंग' कन्नड घराच्या चटणीत अशी नांदते आहे.

आता बुत्ती. कन्नडमध्ये 'बुत्ती' म्हणजे वाटेसाठी बांधून घेतलेले अन्न, अर्थात आपली शिदोरी. (टोपलीला म्हणतात ती बुट्टी निराळी.) दह्यात कालवलेला भात शिदोरी म्हणून नेला जाई, ती 'मोसरु बुत्ती', मोसरु म्हणजे दही. आपण अर्धा शब्द मराठी केला, अर्धा तसाच ठेवला. सोलापूर-कोल्हापूरपासून बेळगावपर्यंत आपल्या आया दहीबुत्ती करतात आणि नकळत कन्नड शिदोरी बांधून देतात. ती करण्याची रीतही प्रवासाला साजेशी आहे : मऊ भात कोमट असताना त्यात दूध आणि जेमतेम चमचाभर दही घालावे, वरून मोहरी, उडीद डाळ, कढीपत्ता आणि सुक्या मिरचीची फोडणी द्यावी. सकाळी बांधलेला भात दुपारपर्यंत वाटेतच विरजतो आणि आंबट होत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचा जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्या दाव्यातील मराठी भाषकांची बाजू न्याय्य आहे, असे आमचे ठाम मत आहे आणि वरील पुराव्याने ते तसूभरही ढळत नाही. आपली मागणी शाळेतील, कचेरीतील आणि फलकावरील मराठीसाठी आहे. शेजाऱ्याची भाषा घरातून हाकलण्यासाठी नाही. ती हाकलायची म्हटली, तर आधी आपल्याच डब्यातील भाताचे नाव बदलावे लागेल.

खरी चिंता निराळी आहे. गडावरच्या त्या पोरांच्या तोंडी ना शिदोरी होती, ना बुत्ती. होते ते 'स्नॅक्स'. दोन भाषांनी शतकानुशतके एकमेकींना दिलेले शब्द एका पिढीत दोन्हीकडून पुसले जात आहेत आणि त्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयात दाद मागता येत नाही.

बडोद्याच्या वाचकांना गुजरातीतील 'भातुं' हा याच अर्थाचा शब्द परिचित असेल. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादच्या मराठी घरांत प्रवासाच्या अन्नाला काय म्हणतात, ते वडीलधाऱ्यांना विचारून आम्हांस अवश्य कळवावे. आणि पुढच्या वेळी गडावर जाताना मुलांच्या हाती दशमी, शेंगाचटणी आणि दहीबुत्ती द्यावी. देताना तिच्या नावाचा अर्थही सांगावा.