नाचाच्या क्लासच्या आधी

आठवड्यातून दोन संध्याकाळी एकेक तास, महिन्याची फी, वीस मुलांची बॅच आणि जूनमध्ये प्रवेश. नाच शिकण्याची ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की ती पूर्वापार चालत आली असावी असं वाटतं. प्रत्यक्षात मराठी मध्यमवर्गीय घरांपुरतं बोलायचं, तर तिला शंभर वर्षंही झालेली नाहीत. मी पुण्यात कथक शिकवते. मुलाला पहिल्यांदा क्लासला घेऊन येणाऱ्या आईबाबांना हा इतिहास थोडा तरी ठाऊक असावा असं मला मनापासून वाटतं. क्लास काय देऊ शकतो आणि काय देऊ शकत नाही, ते या इतिहासातून चांगलं कळतं.

आधी हे शिक्षण राहत्या घरात होत असे. लखनौच्या बिंदादीन महाराज आणि कालकाप्रसाद या भावांच्या घरी कथक हा रोजचा व्यवहार होता. कालकाप्रसादांचे तिघे मुलगे अच्छन महाराज, लच्छू महाराज आणि शंभू महाराज, आणि पुढच्या पिढीत अच्छन महाराजांचे चिरंजीव बिरजू महाराज, सगळे याच परंपरेत वाढले. अशा घरातल्या मुलाच्या कानावर ‘ता थेई थेई तत्’ हे बोल तो चालायला लागण्याआधीपासून पडत. तबला कोपऱ्यात नसे, वापरात असे. थोरल्यांचा रियाझ चाललेला असे, आलेल्या कलाकारांची चर्चा चाललेली असे, आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कोण चुकलं हे पोराला कुणी न सांगता कळे. गुरूसमोर उभं राहून घेतलेली तालीम हा त्या शिक्षणाचा एक भाग होता. बाकीचं काम घर करत होतं.

दक्षिणेत हेच नट्टुवनारांच्या, म्हणजे नृत्यगुरूंच्या, आणि देवदासींच्या घरांत घडत होतं. तंजावरचे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अडवूंची, म्हणजे नाचाच्या मूळ पदन्यासांची, शिस्तवार मांडणी केली आणि सुरुवातीच्या अलारिप्पूपासून शेवटच्या तिल्लानापर्यंत कार्यक्रमाचा क्रम बसवला. आज डोंबिवलीतली मुलगी भरतनाट्यमच्या क्लासमध्ये पहिला अडवू करते, तेव्हा ती त्यांच्याच वाटेवर पाऊल ठेवत असते. या भावांना आश्रय होता तंजावरच्या दरबारात, सरफोजीराजे भोसले (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांचा. सरफोजींच्या नावावर नृत्यासाठी रचलेली मराठी निरूपणं आहेत. ‘देवेंद्र कुरवंजी’ ही त्यांची मराठी रचना तर नाचत-गात जगाचा भूगोल सांगते. विसाव्या शतकात मुंबईच्या आचार्य पार्वतीकुमारांनी ती निरूपणं अभ्यासून पुन्हा रंगमंचावर आणली. भरतनाट्यम हे आपल्याकडचं नव्हे, असं एखादे आजोबा म्हणतात तेव्हा मी त्यांना तंजावरची आठवण करून देते. तंजावरच्याच लक्ष्मीबाई मोहिते १८८० साली सयाजीराव गायकवाडांशी लग्न होऊन, महाराणी चिमणाबाई म्हणून बडोद्याला आल्या. त्यांच्याबरोबर नर्तकी आणि साथीदारांचा ताफाही आला. नाच असा माणसांबरोबर, घरांबरोबर प्रवास करत होता.

मग तो आपल्या घरांत का नव्हता? कारण आपण दार लावून घेतलं होतं. पायात चाळ बांधणं हे मराठी घरात बोलून दाखवायचं दूषण होतं. तमाशातली लावणी करणारी, देवळातली देवदासी, कोठ्यावरची तवायफ, या सगळ्यांची कला पुरुषांनी बघायची आणि घरातल्या लेकीबाळींनी तिचं नावही काढायचं नाही, असा तो शिरस्ता. मुंबई इलाख्यात १९३४ साली आणि मद्रास प्रांतात १९४७ साली देवदासी प्रथेविरुद्ध कायदे झाले. मुलींना देवाला वाहणं थांबायलाच हवं होतं, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण त्याच काळात नाच प्रतिष्ठित घरांत आला आणि पिढ्यान्‌पिढ्या तो सांभाळणाऱ्या बायकांना नव्या क्लासांत, नव्या सभागृहांत फारशी जागा मिळाली नाही. तुमच्या मुलीच्या हाताची जी मुद्रा फोटोत सुंदर दिसते, ती या बायकांनी अपमान सोसून जिवंत ठेवलेली आहे. हे तिला केव्हातरी, तिला समजेल अशा शब्दांत, जरूर सांगा.

दार उघडणाऱ्यांत पहिलं नाव घ्यायला हवं लीला सोखी यांचं. जग त्यांना मादाम मेनका म्हणून ओळखतं. त्यांचे पती साहिबसिंग सोखी मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक होते. मेनकाबाई कथक शिकल्या, त्यांनी स्वतःचा संच उभा केला, १९३६ साली बर्लिनच्या नृत्यस्पर्धेत भाग घेतला आणि पुढे खंडाळ्याला नृत्यशाळा काढली. त्यांच्या घरात दमयंती जोशी ही मराठी मुलगी वाढली. मेनकाबाईंना तिला दत्तक घ्यायचं होतं. आई वत्सला जोशी मूल द्यायला तयार झाल्या नाहीत. शेवटी दोघींनी मिळून तिला वाढवावं असं ठरलं. दमयंतीबाई पुढे कथकच्या मोठ्या एकल नर्तकी झाल्या. मला या हकिगतीतली आई फार महत्त्वाची वाटते. नाचासाठी तिने मुलीवरचा हक्क सोडला नाही, आणि मुलीसाठी नाचाची वाटही अडवली नाही.

पुण्यात हे काम रोहिणी भाटे यांनी केलं. जन्म १९२४, फर्ग्युसनमधून बी.ए., आणि १९४७ साली ‘नृत्यभारती’ची स्थापना. सुशिक्षित घरातली तरुणी नाच शिकवणार, हीच तेव्हा नवलाची गोष्ट होती. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे त्या वर्षानुवर्षं शिकत राहिल्या. शिकवत असतानाही शिकत राहिल्या. गाणं शिकल्या, संस्कृत ग्रंथ वाचले, इझाडोरा डंकनचं आत्मचरित्र मराठीत आणलं. नाच हा अभ्यासाचा विषय आहे, हे त्यांनी पुण्याला पटवून दिलं. त्यानंतर १९५५ मध्ये व्ही. शांताराम यांचा ‘झनक झनक पायल बाजे’ हा चित्रपट आला, त्यातले गोपीकृष्ण आणि संध्या घराघरांत पोचले, आणि नाच शिकायचाय असा हट्ट मुलं उघडपणे धरू लागली.

आता परीक्षांबद्दल. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांच्या पश्चात शिष्यांनी १९३१ साली अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही आजची शिडी तिथली. गाण्यासाठी घातलेली ही घडी नाचालाही लागू झाली. तेव्हा त्या प्रमाणपत्राला मोठा अर्थ होता. मुलगी काही भलतंसलतं करत नाही, रीतसर शिक्षण घेते आहे, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवायला तो कागद हाताशी होता. आज त्या ढालीची गरज उरलेली नाही. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून दर सत्रात मुलाला परीक्षेला बसवायची घाई आईबाबा करतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं. वर्षभर फक्त परीक्षेचे तुकडे घोटलेलं मूल प्रवेशिका पूर्ण होतं आणि तीनतालाचा ठेका कानावर पडला तर सम कुठे आहे ते त्याला सांगता येत नाही.

घरात मिळणारं शिक्षण आपण क्लासमध्ये आणलं, ते अनेकांना खुलं झालं, ही फार मोठी मिळकत आहे. पण जुन्या कलावंतांचं घर जे काम करत होतं, ते दोन तासांच्या क्लासने होत नाही. ते तुमच्या घराला करायचं आहे. त्यासाठी तुम्हाला नाच यायला हवा असं मुळीच नाही. मोबाइलवर तीनतालाचा लेहरा, म्हणजे तालाबरोबर फिरत राहणारी धून, लावा आणि मुलाबरोबर सोळा मात्रा मोजा : एक, पाच आणि तेराला टाळी, नवाला खाली, म्हणजे टाळी न देता. घुंगरांची घाई करू नका. अनवाणी तत्कार, म्हणजे पायांचं काम, स्वच्छ पडू लागला की गुरूच सांगतील, आणि तेव्हाही लहान पायांना थोडेच घुंगरू पुरतात. फ्लॅटमधल्या टाइल्सखाली काँक्रीट असतं, पाय आपटून टाचा दुखतात. न सरकणारी जाड सतरंजी घाला. पोटऱ्या किंवा गुडघे दुखतात असं मूल म्हणालं तर ते निमित्त समजू नका, गुरूंना सांगा. क्लास निवडताना गॅदरिंगचे व्हिडिओ बघू नका, एक पूर्ण तास बाहेर बसून ऐका. मुलं तोंडाने पढंत, म्हणजे नाचाचे बोल तालात, म्हणतात का, शिक्षक स्वतः ताल देतात का, चुकलेल्या मुलाशी कसं बोलतात, हे ऐकायचं. आणि मुलग्याला नाचाला पाठवायला संकोचणाऱ्या बाबांनी वरची लखनौची नावं पुन्हा एकदा वाचावीत. ती सगळी पुरुषांची आहेत.

शहरात सवाई गंधर्व महोत्सवापासून शाळेच्या हॉलपर्यंत कुठे ना कुठे कार्यक्रम चालू असतात. मुलाला घेऊन जा, आणि त्याच्या क्लासचा नाच झाला की उठून जाऊ नका, दुसऱ्यांचाही पाहा. पहिलं वर्षभर तरी ‘स्टेजवर कधी?’ हा प्रश्न मुलाला विचारू नका, मलाही विचारू नका. रात्री जेवणं झाली की आज शिकलेली पढंत त्याला म्हणायला सांगा, आणि टाळी तुम्ही द्या.